'ही आस्क्ड मी दॅट व्हेअर डू यू लिव्ह': परत परत होणारी ही चूक मुळातून कशी काढायची

गेल्या वर्षी जूनच्या सुरुवातीला बारावीची एक मुलगी वडिलांचा मोबाईल घेऊन माझ्याकडे आली. चोपडा तालुक्यात त्यांची केळीची बाग आहे. ठिबकच्या नळ्या पहिल्याच उन्हाळ्यात जागोजागी तडकल्या होत्या. विक्रेता बांधावर येऊन बघून गेला, "मी नळ्या बदलून देतो" असं चार माणसांदेखत बोलला आणि नंतर फोन उचलेनासा झाला. म्हणून मुलीने कंपनीला इंग्रजीत ईमेल केला. त्यात तिने लिहिलं होतं: 'द डीलर टोल्ड दॅट आय विल चेंज द पाइप्स.' तीन दिवसांनी उत्तर आलं की तुम्ही स्वतः नळ्या बदलून घेणार आहात याची नोंद घेतली आहे, तक्रार बंद करत आहोत.

"सर, त्यांनी तर उलटंच धरलं," वडील म्हणाले.

त्यांनी उलटं धरलं नव्हतं. इंग्रजीत त्या वाक्याचा अर्थ तोच होतो: नळ्या 'मी' बदलणार, आणि 'मी' म्हणजे ईमेल लिहिणारी.

ही मुलगी इंग्रजीत कच्ची नाही. कृतिपत्रिकेत डायरेक्टचं इनडायरेक्ट करायला दिलं तर तिचं वाक्य बिनचूक येतं. अवतरणचिन्हं दिसली की तिला नियम आठवतात. पण स्वतःच्या मनातलं लिहायला बसली की समोर अवतरणचिन्हं नसतात, मनात मराठी वाक्य असतं आणि हात त्या वाक्याच्या मागे जातो. चौदा वर्षं मी अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवतोय आणि दर वर्षी हीच चूक नव्या वहीत बघतोय. तालुक्याच्या गावातून पुण्याला मुलाखतीला गेलेली मुलंही फोनवर हेच सांगतात: लिहिताना जमतं, बोलताना 'दॅट व्हेअर' निघून जातं. म्हणून नियमांची यादी बाजूला ठेवून चूक कुठून येते आणि ती पकडायची कशी, हे इथे लिहितो.

इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत दिली आहेत. फळ्यावरही सुरुवातीला तशीच लिहितो. रोमन अक्षरं दिसली की मुलांचं लक्ष स्पेलिंगकडे जातं आणि शब्दांचा क्रम कानावरून निसटतो. या चुकीचं दुखणं तर क्रमात आणि सर्वनामातच आहे.

लक्षणं

तुमच्या किंवा तुमच्या मुलांच्या लिहिण्यात यातलं काही दिसतंय का बघा.

'ही आस्क्ड मी दॅट व्हेअर डू यू लिव्ह?'
'सर टोल्ड दॅट टुमॉरो इज हॉलिडे.'
'शी सेड मी दॅट आय ॲम नॉट कमिंग.'
'आय डोन्ट नो व्हॉट इज हिज नेम.'
'माय अंकल सजेस्टेड मी टू टेक सायन्स.'
'डू यू थिंक व्हेअर ही वेंट?'

सहा वाक्यं सहा तऱ्हेची दिसतात. पाठ्यपुस्तकात ती वेगवेगळ्या धड्यांत विखुरलेली असतात, त्यामुळे मुलांना सहा चुका वाटतात. पण सगळ्यांचं बिघडलेलं ठिकाण एकच आहे: म्हणणं, सांगणं, विचारणं, वाटणं अशा क्रियापदानंतर जे वाक्य येतं ते.

मूळ कुठे आहे

मराठी व्याकरणात आपण मिश्र वाक्य शिकतो. एक प्रधान वाक्य, एक गौण वाक्य. 'तो म्हणाला की मी उद्या येतो' यात 'तो म्हणाला' प्रधान आणि 'मी उद्या येतो' हे नामवाक्य. 'की' हे स्वरूपबोधक उभयान्वयी अव्यय. शाळेत हे पाठ होतं आणि तिथेच सुटून जातं. मला त्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते: 'की'च्या पुढचं वाक्य जसं बोललं गेलं तसंच राहतं. 'मी' हा त्याचा 'मी', माझा नाही. 'येतो' हे त्याच्या तोंडचं 'येतो'. 'त्याने विचारलं की तू कुठे राहतोस?' यातला प्रश्न अजून प्रश्नच आहे आणि 'तू' म्हणजे मी. 'की'ऐवजी 'असं' किंवा 'म्हणून' वापरा: 'उद्या येतो असं म्हणाला', 'येतो म्हणून सांगून गेला'. फक्त जोडणारा शब्द पुढून मागे गेला, आतलं वाक्य जागचं हललं नाही.

आपल्या खानदेशातल्या अहिराणीतही हेच. कोणी 'तुन्हं नाव काय शे?' असं विचारलं, तर घरी येऊन सांगताना आपण तो प्रश्न तसाच्या तसा सांगतो. हिंदीचंही 'उसने पूछा कि तू कहाँ रहता है'. आपल्याकडच्या मुलाच्या घरी अहिराणी किंवा लेवा बोली, शाळेत मराठी, बाजारात हिंदी. यातली अहिराणी, मराठी, हिंदी त्याला एकच सवय लावतात: दुसऱ्याचं बोलणं त्याच्याच आवाजात पुढे द्यायचं. ही आपल्या भाषांची ताकद आहे. गोष्ट सांगताना माणूस समोर उभा राहतो तो त्यामुळेच.

इंग्रजीत तसं बोलायचं तर अवतरणचिन्हं लागतात. ती काढली की आवाज सांगणाऱ्याचा होतो. आतलं वाक्य आता स्वतंत्र बोलणं राहत नाही, ते एका नामाच्या जागी जाऊन बसतं, कर्म होतं. 'ही सेड समथिंग', 'ही आस्क्ड समथिंग' यातल्या 'समथिंग'च्या जागी अख्खं वाक्य बसवायचं असतं. नामाला स्वतःचा 'मी' नसतो आणि नाम प्रश्नही विचारत नाही. सगळी दुरुस्ती यातून निघते.

आधी हे तपासा: क्रियापदाला माणूस लागतो का

वाक्य लिहिण्याआधी पुढचा सगळा मजकूर झाकून त्या जागी 'समथिंग' ठेवा आणि मोठ्याने म्हणा.

'ही सेड समथिंग.' जमतं. 'ही सेड मी समथिंग.' जमत नाही. 'से'ला माणूस थेट चिकटत नाही, चिकटवायचाच तर 'टू' लागतो: 'ही सेड टू मी'. 'ही टोल्ड मी समथिंग.' जमतं. 'ही टोल्ड समथिंग' अर्धवट राहतं, कारण 'टेल'ला आधी माणूस हवा. खरं सांगणं, खोटं सांगणं, गोष्ट सांगणं अशा ठरलेल्या जोड्यांत 'टेल' माणसाशिवाय येतं ('टेल द ट्रुथ', 'टेल अ लाय', 'टेल अ स्टोरी'), पण 'दॅट'वालं वाक्य पुढे असेल तेव्हा माणूस सोडू नका. म्हणून 'सर टोल्ड दॅट' चूक. 'सर टोल्ड अस दॅट' किंवा 'सर सेड दॅट' बरोबर.

मराठीत 'सांगणे' आणि 'म्हणणे' हा फरक आपण पाळतो, पण 'त्याने सांगितलं की' यात 'मला' नसलं तरी आपलं अडत नाही. म्हणून इंग्रजीतही 'मी' (म्हणजे 'मला') गळतो.

'टेल'सारखी, थेट माणूस मागणारी: इन्फॉर्म, रिमाइंड, अशुअर, कन्व्हिन्स. 'से'सारखी, माणूस आलाच तर 'टू' मागणारी: एक्स्प्लेन, सजेस्ट, अनाउन्स, मेन्शन, ॲडमिट, कम्प्लेन. रजेच्या अर्जात आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या 'धिस इज टू इन्फॉर्म दॅट' लिहिलं जातं. 'इन्फॉर्म'नंतर 'यू' हवा. आणि 'प्लीज एक्स्प्लेन मी' नको, 'एक्स्प्लेन इट टू मी' किंवा 'एक्स्प्लेन टू मी व्हाय...' हवं. 'प्रॉमिस' दोन्हीकडे चालतं: 'ही प्रॉमिस्ड दॅट', 'ही प्रॉमिस्ड मी दॅट'. 'आस्क'लाही थेट माणूस असला-नसला तरी चालतो.

'दॅट' गाळलं तर चालतं का, हे मुलं नेहमी विचारतात. 'से', 'टेल', 'थिंक', 'नो' यांच्यानंतर बोलताना सर्रास गाळतात आणि ते शुद्धच आहे. 'एक्स्प्लेन', 'रिप्लाय', 'कम्प्लेन' यांच्यानंतर ठेवलेलं बरं. आणि 'दॅट'च्या आधी स्वल्पविराम देऊ नका.

प्रश्न: सगळ्यात जास्त मार्क आणि सगळ्यात जास्त अर्थ इथे जातो

'ही आस्क्ड मी दॅट व्हेअर डू यू लिव्ह?' या एका वाक्यात तीन बिघाड आहेत. ते वेगवेगळे काढू.

पहिला 'दॅट'. मराठीत 'विचारलं की कुठे राहतोस' यात 'की' जोडतो आणि 'कुठे' आतल्या वाक्यात आपलं काम करतो. दोघांची कामं वेगळी, म्हणून दोघं एकत्र नांदतात. इंग्रजीत 'व्हेअर'च जोडायचं काम करतो. दॅट, व्हेअर, व्हाय, व्हॉट, इफ हे सगळे एकाच खुर्चीचे दावेदार, आणि खुर्ची एकच. 'व्हेअर' बसला की 'दॅट'ला उठायला हवं. ('आस्क्ड दॅट' इंग्रजीत अजिबात नाही असं नाही. 'दे आस्क्ड दॅट द मीटिंग बी पोस्टपोन्ड', म्हणजे सभा पुढे ढकलावी अशी विनंती केली, हे औपचारिक इंग्रजी आहे. पण तिथे प्रश्न नाही, विनंती आहे.)

दुसरा बिघाड क्रमाचा. गाईडमध्ये लिहिलेलं असतं: प्रश्नार्थी क्रम काढून विधानार्थी क्रम करा, 'डू-डझ-डिड' काढा, सहायकारी क्रियापद कर्त्यानंतर न्या. नियम बरोबर आहे, पण बोलताना इतकं सगळं डोक्यात फिरवायला वेळ कुठे असतो? मी वर्गात उलटीकडून जायला सांगतो. प्रश्नाला हात लावू नका, उत्तरापासून सुरुवात करा.

प्रश्न: 'व्हेअर डू यू लिव्ह?'
उत्तर: 'आय लिव्ह इन यावल.'
उत्तरातला जो भाग प्रश्नाचा विषय आहे तो उचला, म्हणजे 'इन यावल'. मागे उरलं 'आय लिव्ह'. त्याच्या पुढे 'व्हेअर' लावा: 'व्हेअर आय लिव्ह'. झालं नामवाक्य. क्रम आपोआप सरळ आला, 'डू' आपोआप गेलं, 'यू'चं 'आय'सुद्धा आपोआप झालं. आता 'ही आस्क्ड मी' पुढे जोडा आणि काळ भूतात न्या: 'ही आस्क्ड मी व्हेअर आय लिव्ह्ड.'

दुसरं घ्या. शिरपूरच्या स्टँडवर चौकशीच्या खिडकीशी विचारायचंय. उत्तर काय असेल? 'द शहादा बस लीव्ज ॲट फोर.' त्यातलं 'ॲट फोर' काढा, 'व्हॉट टाइम' पुढे लावा: 'व्हॉट टाइम द शहादा बस लीव्ज'. म्हणून 'कॅन यू टेल मी व्हॉट टाइम द शहादा बस लीव्ज?' 'डझ' कुठेही येत नाही. आणि 'आय डोन्ट नो व्हॉट इज हिज नेम'? उत्तर 'हिज नेम इज अमुक'. अमुक काढा: 'व्हॉट हिज नेम इज'.

या रीतीचा मला सर्वांत मोठा फायदा वाटतो तो अपवादांचा. मुलं म्हणतात, "सर, 'ही आस्क्ड हू हॅड ब्रोकन द पाइप' यात क्रम का बदलत नाही?" उत्तर लिहून बघा: 'द लेबरर ब्रोक द पाइप.' ज्याची चौकशी आहे तो कर्ताच आहे. तो काढून 'हू' ठेवला की 'हू ब्रोक द पाइप' हेच उरतं. क्रम बदलायला जागाच नव्हती. तसंच 'व्हॉट्स द मॅटर?'. उत्तर 'समथिंग इज द मॅटर'. 'समथिंग'च्या जागी 'व्हॉट' ठेवा: 'ही आस्क्ड व्हॉट वॉज द मॅटर.' काही पुस्तकं इथे 'व्हॉट द मॅटर वॉज' हाच एक बरोबर पर्याय देतात आणि मुलं गोंधळतात. 'व्हॉट वॉज द मॅटर' हे चांगलं, रूढ इंग्रजी आहे. ते लिहिणाऱ्या मुलाचे गुण कापू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

हो-नाहीचा प्रश्न असेल तर काढून ठेवायला काही नसतं. 'आर यू कमिंग?' याचं उत्तर 'आय ॲम कमिंग'. खुर्ची रिकामी, म्हणून तिथे 'इफ' किंवा 'व्हेदर' बसवायचा: 'शी आस्क्ड इफ आय वॉज कमिंग.' मराठीतला 'का' किंवा 'की नाही' जिथे येतो, तिथे हे येतात. दोघांत बहुतेक वेळा काही फरक नाही. मात्र 'टू'वालं क्रियापद पुढे असेल ('व्हेदर टू सेल'), शब्दयोगी अव्यय आधी असेल ('अबाउट व्हेदर'), किंवा लगेच 'ऑर नॉट' येणार असेल, तर 'व्हेदर'च.

तिसरा बिघाड प्रश्नचिन्हाचा. बाहेरचं वाक्य विधान असेल तर शेवटी पूर्णविराम, आत कितीही प्रश्न असो. 'कॅन यू टेल मी...' इथे बाहेरचं वाक्यच प्रश्न आहे, म्हणून तिथे प्रश्नचिन्ह येतं.

'डू यू थिंक व्हेअर ही वेंट?' हे मात्र वेगळं प्रकरण आहे आणि चांगल्या चांगल्यांना चकवतं. 'डू यू नो व्हेअर ही वेंट?' बरोबर, मग हे चूक का? 'तुला माहीत आहे का?' याला 'हो' किंवा 'नाही' म्हणता येतं. 'तुला वाटतं का?' याला तसं उत्तर देऊन भागत नाही, विचारणाऱ्याला जागेचं नाव हवं आहे. म्हणजे खरा प्रश्न 'कुठे' हाच आहे, म्हणून 'व्हेअर' अगदी पुढे जातो: 'व्हेअर डू यू थिंक ही वेंट?' आतला क्रम सरळच राहिला, 'ही वेंट', हेही बघा. 'थिंक', 'सपोज', 'बिलीव्ह' यांचा स्वभाव असा आहे.

'मी' कोण

ठिबकच्या ईमेलचा बिघाड हाच. क्रम चुकला तर वाचणारा समजून घेतो. सर्वनाम चुकलं तर वाचणाऱ्याला काहीतरी चुकलंय हेच कळत नाही, कारण वाक्य बिनचूक दिसतं आणि अर्थ मात्र दुसरा असतो.

मराठीतही 'तो म्हणाला की मी आजारी आहे' याचे दोन अर्थ होऊ शकतात. आपण संदर्भावरून, आवाजावरून ओळखतो. लेखी इंग्रजीत 'ही सेड दॅट आय वॉज सिक' याचा एकच अर्थ: आजारी मी, हे सांगणारा.

यावर एकच भरवशाची युक्ती मला सापडली आहे. सर्वनाम लिहायच्या आधी नाव लिहा. 'विक्रेता म्हणाला, विक्रेता नळ्या बदलेल.' आता हे वाक्य मी बोलतोय. माझ्या दृष्टीने विक्रेता कोण? 'ही'. म्हणून 'द डीलर सेड दॅट ही वुड चेंज द पाइप्स.' शिपाईभाऊ वर्गात येऊन सांगतात, 'मुख्याध्यापक म्हणाले, मी तुम्हाला दोन वाजता भेटतो.' नावं घाला: मुख्याध्यापक मुलांना भेटतील. मूल लिहीत असेल तर मुलं म्हणजे 'अस': 'ही सेड दॅट ही वुड मीट अस ॲट टू.' दोन 'ही' एकमेकांत मिसळत असतील तर एकाचं नाव तसंच ठेवा. नाव दोनदा आलं म्हणून इंग्रजी बिघडत नाही, संदिग्ध सर्वनामाने बिघडतं.

'टुमॉरो'चं 'द नेक्स्ट डे', 'हिअर'चं 'देअर' हे बदलही याच चष्म्यातून करा, तक्त्यातून नाही. सकाळी सांगितलेलं दुपारी पुढे सांगत असाल तर 'उद्या' अजून उद्याच आहे, 'टुमॉरो'च ठेवा. परीक्षेत सांगण्याचा दिवस दिलेला नसतो, म्हणून तिथे बदलतात.

काळ

याबद्दल मुलं सगळ्यात जास्त घाबरतात आणि मला हे सगळ्यात कमी काळजीचं वाटतं. बाहेरचं क्रियापद वर्तमानात असेल ('ही सेज') तर आत काही बदलत नाही. भूतात असेल तर आतलं एक पायरी मागे जातं: 'इज'चं 'वॉज', 'विल'चं 'वुड', 'हॅज'चं 'हॅड'. 'कुड', 'शुड', 'माइट' आधीच मागे आहेत, तिथेच राहतात.

पण ही पायरी आंधळेपणाने उतरायची नसते. पावसाळ्यात हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की तापीकाठच्या गावांना इशारा येतो. तुम्ही त्याच वेळी कुणाला इंग्रजीत कळवताय: 'द ऑफिसर सेड दॅट द गेट्स आर ओपन, सो डोन्ट गो निअर द रिव्हर.' इथे 'वर ओपन' लिहिलं तर चूक नाही, पण आता उघडे आहेत की नाहीत, ही शंका वाचणाऱ्याच्या मनात राहू शकते. जे अजून खरं आहे आणि खरं आहे हे तुम्हाला सांगायचंय, ते वर्तमानात ठेवायला इंग्रजी परवानगी देते. उलट भुसावळ स्टेशनवर कालच्या घोषणेबद्दल सांगताना 'दे अनाउन्स्ड दॅट द ट्रेन वॉज रनिंग लेट' हेच नैसर्गिक, कारण ती गाडी कधीच गेली.

'सजेस्ट' आणि त्याची भावंडं

'काकांनी मला सायन्स घ्यायला सुचवलं.' या 'घ्यायला'मुळे हात 'टू टेक'कडे जातो. 'टेल', 'आस्क', 'ॲडव्हाइज', 'वॉर्न', 'रिमाइंड' यांच्यासोबत ते बरोबरही आहे: 'ही ॲडव्हाइज्ड मी टू टेक सायन्स.' नकार असेल तर 'नॉट' हा 'टू'च्या आधी: 'ही टोल्ड मी नॉट टू गो.' पण 'सजेस्ट'ला ही चौकट मान्य नाही. त्याच्या तीन वाटा आहेत: 'ही सजेस्टेड टेकिंग सायन्स', 'ही सजेस्टेड दॅट आय शुड टेक सायन्स', 'ही सजेस्टेड दॅट आय टेक सायन्स'.

तिसऱ्या वाटेत क्रियापद मूळ रूपात राहतं. 'दॅट शी टेक सायन्स', 'टेक्स' नाही, 'टुक' नाही. ही टायपिंगची चूक नाही. मराठीत आपण इथे 'घ्यावं' म्हणतो, विध्यर्थ वापरतो. इंग्रजीचं ते मूळ रूप म्हणजे त्याच 'घ्यावं'ची जागा. रेकमेंड, प्रपोज, डिमांड, इन्सिस्ट हे सगळे असेच चालतात.

आतलं वाक्य 'व्हावं' अशा अर्थाचं नसेल तर मात्र साधं रूप येतं. केळीच्या पानावर ठिपके दिसतात: 'द स्पॉट्स सजेस्ट दॅट द प्लांट हॅज सिगाटोका', ठिपक्यांवरून करपा आला आहे असं दिसतं. इथे 'हॅज'च हवं, कारण कोणी कुणाला सुचवत नाही. 'इन्सिस्ट'चंही तसंच. 'ही इन्सिस्टेड दॅट शी पे' म्हणजे तिनेच पैसे द्यावेत असा हट्ट धरला. 'ही इन्सिस्टेड दॅट शी हॅड पेड' म्हणजे तिने पैसे दिले आहेत असं ठासून सांगितलं. एका क्रियापदाच्या रूपावर भांडणाची बाजू फिरते.

अर्थच उलटा करणारी दोन क्रियापदं

'डाउट' आणि 'डिनाय'. मराठीत 'मला शंका आहे की त्यानेच घेतलं' म्हणजे बहुधा त्यानेच घेतलं. इंग्रजीत 'आय डाउट दॅट ही टुक इट' म्हणजे त्याने घेतलं असं मला वाटत नाही. नेमकं उलट. आपल्या मनातल्या शंकेला इंग्रजी शब्द 'सस्पेक्ट' आहे: 'आय सस्पेक्ट दॅट ही टुक इट.' तक्रारअर्जात हा शब्द चुकला तर ज्याच्यावर संशय आहे त्यालाच तुम्ही निर्दोष म्हणून बसता.

'डिनाय'च्या पोटातच नकार आहे. 'त्याने घेतलं नाही असं सांगितलं' हे मराठी वाक्य मनात असताना 'ही डिनाइड दॅट ही हॅड नॉट टेकन इट' लिहिलं जातं आणि त्याचा अर्थ 'घेतलं' असा होतो. 'नॉट' काढा: 'ही डिनाइड दॅट ही हॅड टेकन इट.'

तो ईमेल पुन्हा

त्या दिवशी आम्ही तिघांनी बसून ईमेल परत लिहिला. मजकूर तिचा, मी फक्त बोट ठेवत होतो. तिने आधी लिहिलं, 'वी आस्क्ड दॅट व्हाय द पाइप्स आर क्रॅक्ड'. मी म्हटलं, उत्तर काय होतं? "माल सदोष होता म्हणून तडकल्या." ते काढ, मागे काय उरलं? 'द पाइप्स हॅड क्रॅक्ड'. पुढे 'व्हाय' लागला, 'दॅट' गेला. मग 'आय विल चेंज'वर आलो. "नाव घाल," एवढंच म्हटलं. तिने 'डीलर' लिहिलं, थोडा वेळ बघत राहिली आणि खोडून 'ही' केलं. शेवटी मजकूर असा झाला:

'द डीलर व्हिजिटेड आवर फार्म इन मे. वी आस्क्ड हिम व्हाय द पाइप्स हॅड क्रॅक्ड. ही ॲडमिटेड दॅट दे वर डिफेक्टिव्ह अँड प्रॉमिस्ड अस दॅट ही वुड रिप्लेस देम. व्हेन वी आस्क्ड व्हेन ही वुड कम, ही टोल्ड अस टू वेट फॉर अ वीक. वी हॅव बीन वेटिंग फॉर अ मंथ. प्लीज लेट अस नो व्हेन द पाइप्स विल बी रिप्लेस्ड.'

'टोल्ड'च्या पुढचा 'अस' मी सांगायच्या आधी तिने स्वतः घातला. मग वडिलांना एकेक वाक्य मराठीत करून सांगितलं. ते लक्ष देऊन ऐकत होते.

"नळ्या कोण बदलणार म्हटलंय यात?" त्यांनी विचारलं.

"तो," ती म्हणाली, आणि ईमेल पाठवला.